लेझरच्या उजेडाने कॅन्सरची गाठ मारतात, तेव्हा पांढऱ्या पेशींचं काय होतं?

वायरमन_मास्तर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी सांगलीकडचा. आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडला ३१ वर्षं शिकवून गेल्या वर्षी रिटायर झालो. माझे मेहुणे, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, वय ५८. चाळीस वर्षं तंबाखू-चुना, आणि तोही कायम डाव्याच गालात. दीड वर्षापूर्वी त्या गालाचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. आता जबड्याच्या कडेला पुन्हा गाठ आली आहे. केमो चालू केली, पण दुसऱ्या डोसनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, २१०० पर्यंत खाली आल्या आणि पुढचा डोस आठ दिवस लांबला.

भाचा जपानला असतो. त्याचा फोन आला की तिकडे आज औषध सलाईनमधून देतात, उद्या गाठीवर लाल लेझरचा उजेड टाकतात आणि गाठ मरते. बहीण पटकन म्हणाली, "लाईटच ना? त्या झाल्या की आपल्या ३३!" आमच्याकडे रेडिएशनला सगळे लाईटच म्हणतात, म्हातारी माणसं शेक म्हणतात. तो वेगळा, हा वेगळा, हे समजावता समजावता माझ्या लक्षात आलं की मलाच काही कळलेलं नाही.

तर माझ्या शंका अशा. उजेड म्हणजे उजेड. आंधळी वस्तू. गाठीची पेशी कुठली आणि गाठीत शिरलेली पांढरी पेशी कुठली, हे त्याला कळणार कसं? केमोने पेशी २१०० वर आल्या, मग उजेडाने किती येतील? भाच्याने पाठवलेल्या मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की यामुळे 'प्रतिकारशक्ती जागी होते'. जागी होते म्हणजे नेमकं काय होतं? झोपली होती का? आणि मेहुण्यांना सुजेसाठी अधूनमधून डेक्सा हे स्टिरॉइड देतात. डेक्साने प्रतिकारशक्ती दबते असं ऐकून आहे. मग एका हाताने जागी करायची आणि दुसऱ्या हाताने झोपवायची, असं होत नाही का?

कृपया गोमूत्र, गव्हांकुर वगैरे सुचवू नका. ते सुचवणारे नातेवाईक माझ्याकडे मुबलक आहेत.

कट्ट्यावरचा_बाळू

मास्तर, जपून. माझ्या चुलत्यांना गुडघ्यासाठी असाच लाल दिव्यांचा पट्टा अठरा हजारांना गळ्यात मारला होता. 'पेशी जाग्या होतात' असंच सांगितलेलं. पेशींचं माहीत नाही, चुलती मात्र जागी झाली आणि पट्टा माळ्यावर गेला.

उंदीरमामी

बाळू, तो पट्टा आणि ही ट्रीटमेंट यांचं नातं लाल रंगापुरतंच.

मास्तर, मी मूळची कराडची. पीएचडीची साडेचार वर्षं मी उंदरांच्या गाठींवर उजेड टाकण्यात घालवली, म्हणून हे नाव. डॉक्टर आहे पण कागदावरची, पेशंट तपासणारी नाही. मेहुण्यांबद्दल काय करावं हे मी सांगणार नाही. पेशींबद्दल मात्र पोटभर सांगते.

तुमचं म्हणणं बरोबर आहे, उजेड आंधळाच. तो फक्त बटण दाबतो. वायरिंग असते औषधाची. हे औषध अंधारात गुपचूप बसून राहतं. ठरावीक रंगाचा उजेड पडला की ते ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतं आणि तो ऑक्सिजन चवताळतो. चवताळलेला ऑक्सिजन सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याइतकाही टिकत नाही, त्यामुळे जिथे तयार झाला तिथेच जाळपोळ करून संपतो. औषध, उजेड आणि ऑक्सिजन हे तिन्ही एका जागी आले तरच काम होतं. एक नसलं तरी सर्किट तुटलं.

ही गोष्ट सापडली तीही गंमतीने. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी पाण्यातल्या पॅरामेशियम नावाच्या एकपेशीय जिवांवर अ‍ॅक्रिडीन नावाचा रंग किती विषारी आहे ते तपासत होता. रंग तेवढाच, जीव तेच, पण एका दिवशी ते भराभर मेले आणि दुसऱ्या दिवशी बराच वेळ जगले. दोन दिवसांत फरक होता तो खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा. त्यातल्या एका दिवशी वादळ होतं, आभाळ भरलेलं होतं.

आता पांढऱ्या पेशी. यात जुनं औषध आणि जपानचं नवं औषध हे दोन वेगळे प्राणी आहेत, ते एकत्र कालवू नका.

जुन्यांपैकी सगळ्यांत माहितीतलं औषध म्हणजे फोटोफ्रिन. अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डॉहर्टी यांनी १९७० च्या दशकात या उपचाराला आकार दिला. १९९३ मध्ये कॅनडाने हे औषध मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मान्य केलं, १९९५ मध्ये अमेरिकेने अन्ननलिकेच्या. शिरेतून दिलं की ते अंगभर जातं. चाळीस-पन्नास तास थांबायचं आणि मग ६३० नॅनोमीटरचा लाल उजेड टाकायचा. गाठीत ते जास्त वेळ रेंगाळतं एवढाच त्याचा नेम. गाठीत बसलेल्या मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी तर अधाशी, त्या कॅन्सरच्या पेशीपेक्षाही जास्त औषध गिळून बसतात. म्हणजे तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर: हो. जुन्या पद्धतीत, उजेडाच्या टप्प्यात गाठीच्या आत असलेल्या पांढऱ्या पेशीही मरतात.

पण २१०० वर येण्यासारखं काही होत नाही. लाल उजेड मांसात फार तर सेंटीमीटरभर पोचतो. पांढऱ्या पेशी बनतात हाडांच्या मगजात, तिथे अंधारच असतो. केमो सगळ्या गल्ल्यांतून फिरते, हा उजेड एका अंगणात पडतो.

'जागी होते' म्हणजे काय, हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा. आमची प्रयोगाची खोली म्हणजे भुताटकी. बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळलेल्या, खिडक्यांना काळा कागद, एक मंद हिरवा दिवा. पहिल्या महिन्यात मी औषधाची एक बाटली फॉइल न लावता टेबलावर विसरले आणि जेवून आले. ट्यूबलाईटखाली औषध मरून गेलं होतं. गाईड काही बोलले नाहीत, फक्त बाटलीची किंमत एका चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवली.

तर उंदीर दोन प्रकारचे घ्यायचे. एक साधे. दुसरे जन्मतः टी पेशी नसलेले, म्हणजे प्रतिकारशक्तीतले मुख्य शिपाईच नसलेले. दोघांना एकच गाठ, एकच औषध, एकच उजेड. दोन दिवसांनी दोघांच्या गाठी काळ्या पडतात, खपली धरते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खूश होऊन आईला फोन केला होता. आणखी पंधरा दिवसांत साध्या उंदरांची खपली पडून खाली गुलाबी कातडी येते. टी पेशी नसलेल्यांच्या मात्र खपलीच्या कडेने गाठ पुन्हा डोकं वर काढते.

हे मी शोधून काढलेलं नाही हं. व्हँकुव्हरचे म्लादेन कॉर्बेलिक यांनी १९९० च्या दशकात हेच दाखवलं होतं. त्यांनी पुढे जाऊन प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये धडधाकट उंदरांच्या हाडांचा मगज घातला, तेव्हा त्यांच्याही गाठी बऱ्या व्हायला लागल्या. आमच्या गाईडना स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही पटत नसे, म्हणून आम्ही पुन्हा केलं. म्हणजे उजेडाने गाठ जळते, पण मागे उरलेल्या चार-दोन पेशी वेचून मारायचं काम पांढऱ्या पेशींचं. ते झालं नाही तर जळलेलं सगळं फुकट.

त्या काय करतात? उजेडानंतर काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पेशींची झुंबड उडते. भाजल्यावर उडते तशीच. काही प्रयोगांत प्राण्यांमधल्या या पेशी आधीच काढून टाकल्या, तर उपचाराचा परिणामच गेला. मग मॅक्रोफेज येऊन राडारोडा उचलतात. आणि मग येतात डेंड्रिटिक पेशी, माझ्या लाडक्या. यांना पंचनामा करणाऱ्या पेशी म्हणा. मेलेल्या पेशीचे तुकडे गोळा करायचे, जवळच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या चौकीत, जायचं आणि टी पेशींना ते दाखवायचे: हा माणूस बघून ठेवा, पुन्हा दिसला तर सोडू नका.

पण पंचनामा करायला त्यांना बोलावणार कोण? पेशी मरतानाच बोलावते. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी गुपचूप मरतात, कोणी ढुंकून बघत नाही. उजेडाने मरणारी पेशी मात्र बोंब मारत मरते. आत राहणारं कॅलरेटिक्युलिन नावाचं प्रथिन ती बाहेरच्या पृष्ठभागावर आणून ठेवते. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बाहेर सांडतं. आणखी दोन-चार प्रथिनं गळतात. बेल्जियममधल्या लूव्हेनला अभिषेक गर्ग आणि पात्रित्सिया अगोस्तिनिस यांच्या गटाने २०१२ मध्ये हायपेरिसिन या औषधावर हे फार सुंदर उकललं. त्याआधी २००२ मध्ये बफेलोच्या सँड्रा गोलनिक यांनी कॅन्सरच्या पेशी बशीतच उजेडाने मारून तो चोथा उंदरांना लशीसारखा टोचला होता. अतिनील किरणांनी किंवा रेडिएशनने मारलेल्या पेशींच्या चोथ्यापेक्षा तो जास्त परिणामकारक ठरला. पेशी मेली एवढंच पुरत नाही, कशी मेली यालाही किंमत आहे.

आता याच्या उलटं. उजेड वाढवला की फायदा वाढतो असं अजिबात नाही. भसाभस उजेड टाकला तर गाठीतला ऑक्सिजन पुरवठ्यापेक्षा लवकर संपतो आणि काम अर्धवट राहतं. वर प्रतिकारशक्ती दबू पण शकते. १९८० च्या दशकातच उंदरांमध्ये दिसलं होतं की या उपचारानंतर त्यांची त्वचेची ॲलर्जीची प्रतिक्रिया मंदावते, म्हणजे टी पेशी गप्प बसल्या. सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, झालेल्या एका रुग्णाची हकीकत छापली. उजेड कमी जोराने दिला, तेव्हा ज्या गाठींवर उजेड टाकलाच नव्हता त्याही ओसरल्या आणि त्यात टी पेशी शिरलेल्या दिसल्या. एका रुग्णाची गोष्ट आहे, तेवढंच तिचं वजन. पण 'जागी होते' हे वाक्य मेसेजमध्ये येतं ते अशा गोष्टींवरून, आणि 'कधी कधी, योग्य मात्रेत' हे शब्द वाटेत कुठेतरी गळून पडतात.

डेक्साबद्दल तुमचा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसले. फोटोफ्रिनच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की उपचाराआधी किंवा सोबत स्टिरॉइड दिलं तर परिणाम कमी होऊ शकतो. पण म्हणून मेहुण्यांचं डेक्सा बंद करू नका! गळ्याशी सूज आली तर श्वास आधी, सिद्धांत नंतर.

वायरमन_मास्तर

मामी (असंच म्हणतो, राग नसावा), दोनदा वाचलं. प्रिंट काढून बहिणीला दिलं आहे. 'बोंब मारत मरते' हे तिला पटलं. म्हणाली, चांगलंय, कोणीतरी मारायला पाहिजेच.

तुम्ही जपानचं औषध वेगळं म्हणालात ते राहिलं. आणि एक तिरपी शंका. गाठीवर उजेड टाकून पांढऱ्या पेशींना असा वळसा घालण्यापेक्षा थेट पांढऱ्या पेशींवरच उजेड टाकला तर?

रत्नागिरीची_सिस्टर

मास्तर, तिरपी कसली, ते माझं रोजचं काम आहे! मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, सात वर्षं याच विभागात.

पेशंटच्या शिरेतून रक्त मशीनमध्ये घेतो. मशीन ते घुसळून पांढऱ्या पेशींचा थर वेगळा काढतं, लाल पेशी आणि बाकीचं परत. त्या थरात सोरालेनचं औषध घालायचं, अतिनील दिव्यासमोरून तो थर फिरवायचा आणि पेशंटला परत चढवायचा. दोन-तीन तास जातात. बरेच जण झोपतात. एक आजोबा दर वेळी शब्दकोडं आणतात आणि अडलं की मला विचारतात. मला इंग्रजी शब्दकोडं कुठलं सुटतंय!

हे निघालं त्वचेच्या एका लिम्फोमावरून, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवरून. त्यात बिघडलेल्या टी पेशी रक्तात आणि कातडीत असतात. अंग लालभडक होतं, कातडी सोलून चादरीवर पडते, खाज अशी की माणूस रडतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे रिचर्ड एडेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ३७ रुग्णांवरचा निकाल छापला, त्यातल्या २७ जणांना फरक पडला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली.

कोडं असं की एका वेळी अंगातल्या फार थोड्या पांढऱ्या पेशी मशीनमधून जातात. एवढ्याशा मारून आजार कसा हटेल? तर हटतो तो मेलेल्यांमुळे कमी आणि त्या मेल्यावर जे होतं त्यामुळे जास्त. या पेशी लगेच मरत नाहीत, परत गेल्यावर एक ते तीन दिवसांत मरतात. आणि मशीनच्या नळ्या-पत्र्यांवर घासून गेलेल्या काही पेशी मामींच्या त्या लाडक्या पंचनामेवाल्या होतात. बिघडलेल्या टी पेशींचे तुकडे त्या दाखवतात आणि चांगल्या टी पेशी मागे लागतात.

आता ऐका. हेच मशीन आम्ही हाडांचा मगज बदललेल्या पेशंटसाठी वापरतो, जिथे दात्याच्या पेशी पेशंटच्याच अंगावर उठलेल्या असतात. तिथे आम्हाला पेशी शांत करायच्या असतात, आणि होतात! एकीकडे चेतवतं, दुसरीकडे निजवतं. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं तर ते वहीत चित्र काढायला लागतात, आणि चित्र कधी पूर्ण होत नाही.

सोरालेन म्हणजे परकं काही नाही बरं. आपली बावची! कोडावर बावची लावून उन्हात बसायला सांगायचे ना वैद्य, त्याच बियांतला पदार्थ. औषधात त्याचा भाऊबंद वापरतात. म्हणून पेशंटला २४ तास काळा चष्मा लावायला लावतो, ऊन टाळायला सांगतो.

तोंडाच्या कॅन्सरला हे देत नाहीत, उगाच आशा नको. विचारलंत म्हणून सांगितलं.

तोक्योची_दुभाषी

मी इथे हॉस्पिटलांमध्ये भारतीय रुग्णांसाठी दुभाषीचं काम करते. वैद्यकीय शिक्षण नाही, पण हे कागद मी इतक्यांदा भाषांतरित केलेत की झोपेत सांगेन.

औषधाचं नाव अ‍ॅकालक्स. सप्टेंबर २०२० मध्ये जपानने त्याला सशर्त मान्यता दिली. डोकं-मान भागातला कॅन्सर, जो ऑपरेशनने काढता येत नाही किंवा परत आला आहे, आणि नेहमीचे उपचार करून झाले आहेत, अशांसाठी. मूळ कल्पना अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या हिसाताका कोबायाशी यांची, २०११ ची. सेटुक्सिमॅब नावाची अँटिबॉडी (ठरावीक खुणेलाच चिकटणारं प्रथिन), जी तोंडाच्या कॅन्सरला एरवीही वापरतात, तिला आयआर-७०० नावाचा रंग जोडला आहे. औषध दिल्यावर २० ते २८ तासांनी ६९० नॅनोमीटरचा उजेड. वरच्या गाठीला समोरून, खोल गाठीत सुईच्या नळीतून बारीक फायबर घालून.

आकडे हवेतच असतील मास्तरांना. पहिल्या चाचण्यांतल्या एका टप्प्यात ३० रुग्ण होते. १३ जणांची गाठ बरीच आटली, त्यातल्या ४ जणांची पूर्ण गेली. निम्मे रुग्ण सव्वानऊ महिन्यांच्या पुढे जगले. हे सगळे उपचार थकलेले रुग्ण होते, हे धरून वाचा.

दुखतं. बेशुद्ध करून देतात आणि नंतरही दुखतं. सूज येते, श्वासाची वाट जपावी लागते. आणि एक गोष्ट मी प्रत्येक कुटुंबाला दोनदा वाचून दाखवते: गाठ मानेतल्या मोठ्या धमनीत शिरलेली असेल तर हा उपचार देत नाहीत, कारण गाठ मेली की धमनीला भोक पडून रक्तस्राव होऊ शकतो. औषधानंतर काही दिवस मंद उजेडाच्या खोलीत राहायचं, चार आठवडे थेट ऊन टाळायचं.

इथे लोक याला 'हिकारी मेन्एकी' म्हणतात. हिकारी म्हणजे उजेड, मेन्एकी म्हणजे प्रतिकारशक्ती. नावामुळे इथेही सगळ्यांना 'प्रतिकारशक्ती जागी करणारा उजेड' असंच वाटतं. त्याच नावाखाली काही खासगी दवाखाने वेगळाच, या उपचारासाठी मान्यता नसलेला रंग देऊन स्वखर्चाचा उपचार विकतात. भारतातून चौकशी येते ती बहुतेक त्यांच्या वेबसाइटवरून. भाच्याला विचारा लिंक कुठली होती.

कट्ट्यावरचा_बाळू

म्हणजे पट्टावाले तिकडेही आहेत.

उंदीरमामी

दुभाषीताईंनी माझं निम्मं काम केलं. उरलेलं सांगते.

या औषधाचा नेम पक्का आहे. अँटिबॉडी चिकटते ईजीएफआर नावाच्या खुंटीला. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशीवर या खुंट्या भरमसाट. पांढऱ्या पेशींवर जवळजवळ नसतात. त्यामुळे गाठीत शिरलेल्या टी पेशींवर तोच उजेड पडतो, तरी त्यांना काही होत नाही, कारण त्यांच्या अंगावर औषधच नाही. जुन्या आणि नव्या औषधात पांढऱ्या पेशींच्या दृष्टीने हाच मोठा फरक.

मारण्याची तऱ्हाही वेगळी. इथे चवताळलेल्या ऑक्सिजनवर सगळी मदार नाही. उजेड पडला की रंगाच्या रेणूच्या बाजूच्या साखळ्या तुटून पडतात. आधी पाण्यात विरघळणारा तो रेणू आता पाण्याला तोंड फिरवून गोळा होतो, आणि पेशीचं आवरण टराटरा फाटतं. भिंगाखाली बघितलं तर पेशी मिनिटांत फुगते आणि फुटते. आतलं सगळं जसंच्या तसं बाहेर. पंचनामेवाल्यांना याहून ताजा माल मिळणं अवघड.

तुमची तिरपी शंका मात्र कोबायाशींच्या गटालाही आलेली. गाठीत काही पांढऱ्या पेशी अशा असतात की त्या बाकीच्या टी पेशींना आवरून धरतात. एरवी त्या हव्यातच, नाहीतर शरीर स्वतःवरच उठेल. पण गाठ त्यांना जवळ बसवून घेते आणि त्यांच्या आडोशाला वाढते. गडाच्या आतले फितूर. २०१६ मध्ये या गटाने उंदरांमध्ये त्याच रंगाला वेगळी अँटिबॉडी जोडली, या फितुरांवरच्या सीडी-२५ खुंटीला चिकटणारी. कॅन्सरच्या पेशीला हातच लावला नाही. उजेड गाठीपुरता, म्हणून फितूर मेले तेही गाठीपुरते, बाकी अंगातले शाबूत. काही तासांत तिथल्या मारेकरी पेशी कामाला लागल्या, आणि उजेड न पडलेल्या लांबच्या गाठीही आटल्या. मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सर्वांत हुशार प्रयोग हाच. पण तो उंदरांतला आहे. आमच्या क्षेत्रात उंदीर शेकडो वेळा बरे झालेत.

वायरमन_मास्तर

सगळ्यांचे आभार. एक हिशोब घातला, चुकला तर सांगा. समोरून टाकायचा उजेड चौरस सेंटीमीटरला ५० ज्यूल आणि जोर १५० मिलिवॅट असं वाचलं. म्हणजे ५० भागिले ०.१५, ३३३ सेकंद. साडेपाच मिनिटं! आमच्या वर्कशॉपमधल्या सोल्डरिंगच्या बंदुकीपेक्षा कितीतरी कमी वॅट. म्हणजे हे भाजणं नाहीच, बटण दाबणंच.

उंदीरमामी

हिशोब बरोबर. आणि बरं झालं तुम्ही घातलात, कारण पुढचा प्रश्न मला दिसतोय. नाही, घरी लाल एलईडी लावून काही होणार नाही. औषधाशिवाय तो नुसता दिवा.

वायरमन_मास्तर

पकडलंत. दोन दिवस तेच डोक्यात होतं.

आठ दिवसांनी लिहितोय. भाच्याने पाठवलेली लिंक खरोखरच स्वखर्चाच्या दवाखान्याची निघाली. मंगळवारी मेहुण्यांना घेऊन मिरजेला डॉक्टरांकडे गेलो, तुमच्या उत्तरांची प्रिंट घेऊन. ते हसले नाहीत, वाचली. स्कॅन लावून बोटाने दाखवलं. गाठ जबड्याखालून मानेत उतरली आहे आणि धमनीला एका बाजूने मिठी मारून आहे. म्हणाले, "हा उपचार उद्या इथे सुरू झाला असता तरी यांना मी पाठवलं नसतं." दुभाषीताई दोनदा वाचून दाखवतात ते वाक्य मी आधीच वाचलेलं होतं, म्हणून खुर्चीत बसून राहता आलं. बहीण बाहेर व्हरांड्यात होती. तिला मीच सांगितलं.

मग मी त्यांना विचारलं, उजेडाशिवाय या टी पेशी जाग्या करता येत नाहीत का? तर येतात म्हणे. टी पेशींना दाबून ठेवणारा ब्रेक काढायचं औषध असतं, निवोलुमॅब. पूर्ण डोस आपल्या खिशाबाहेरचा. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलने अशाच, पुन्हा उलटलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर अगदी कमी डोस वापरून बघितला, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, सोबत नेमाने घ्यायच्या गोळ्या. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे शंभरात सोळा होते, हे औषध जोडल्यावर त्रेचाळीस. जपानसारखं चित्तथरारक काही नाही यात, लेझर नाही, फायबर नाही. केमो थांबवून हेच सुरू करायचं ठरलंय. डेक्सा शक्य तितकं कमी करत आणतो म्हणाले, तो प्रश्न त्यांना आवडला. मामी, त्याचं श्रेय तुमचं.

गाडीत बसल्यावर मेहुण्यांनी पाटीवर लिहून विचारलं, कारण बोलताना आता त्यांना त्रास होतो: "लाईट नाही ना परत?"

नाही म्हटलं. मग त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "ऊस तोडायला कोण आलंय?"

पहिला डोस पुढच्या गुरुवारी आहे. त्याआधी रक्त तपासतील, पेशींचा आकडा आला की इथे टाकतो.